यात्रेचे फळ

नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रॉम्सो या नगरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. दुपारच्या सुमारास आकाशात थोडा निळसर संधिप्रकाश पसरतो आणि थोड्या वेळाने तोही मावळतो. अशा प्रदेशात जन्मलेला मनुष्य वर्षभर काटकसर करून साठविलेली पुंजी खर्चून ऐन हिवाळ्यात स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांवर, थायलंडच्या किनाऱ्यावर किंवा आपल्या गोव्यात जातो आणि आठ-पंधरा दिवस उन्हात पडून राहतो, ह्यात नवल करण्यासारखे काही नाही. ज्या वस्तूची आपल्या भूमीत वाण आहे ती जेथे मुबलक असेल तिकडे जाण्याची प्रवृत्ती प्राणिमात्रात उपजतच असते. उत्तरेकडचे पक्षी थंडीत जायकवाडीच्या नाथसागरावर उतरतात ते ह्याच न्यायाने. परंतु पक्ष्याच्या स्थलांतराला कोणी पुण्य म्हणत नाही आणि पापही म्हणत नाही. मनुष्याच्या प्रवासाला मात्र बहुतेक सर्व धर्मांनी फळ सांगितले आहे, आणि जेथे फळ सांगितले जाते तेथे ते कोणाला मिळते व कशाने मिळते, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो. ते फळ स्थळाच्या अंगी असते की जाणाऱ्याच्या अंगी, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विचार अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार ह्या गावाच्या निमित्ताने करावयाचा, असे म्हटले तर वाचकास ते काहीसे विक्षिप्त वाटेल. ह्या गावाला समुद्र नाही, नदीचा घाट नाही, दूरदूरच्या यात्रेकरूंनी नवस फेडण्यास यावे असे प्रख्यात देवस्थान नाही. आणि ज्या उन्हासाठी उत्तरेचा मनुष्य हजारो कोस येतो ते ऊन येथे नको तेवढे आहे. तरीही ह्या गावी देशातून आणि परदेशांतून माणसे येतात, शिवारातून हिंडतात, डोंगर चढतात, विहिरीत डोकावतात आणि परत जातात. ती का येतात आणि काय घेऊन जातात, हे नीट पाहिले म्हणजे यात्रेच्या फळासंबंधीचा आपला प्रश्न पुष्कळसा सुटतो, असे मला वाटते.

प्रथम थंड देशांतील प्रवाशाचाच विचार करू. उन्हाच्या शोधात परदेशी जाणे ही गोष्ट युरोपात फार काळ केवळ श्रीमंतांच्या आवाक्यातील होती. ती सामान्य जनांच्या आवाक्यात आणणाऱ्यांपैकी एक अग्रेसर गृहस्थ डेन्मार्कमधील एका खेड्याचा धर्मोपदेशक होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. जटलंडमधील ट्यारेबोर्ग ह्या लहानशा गावचा पाद्री आयलिफ क्रोगागर ह्याने 1950 साली लोकांना मोटारबसमध्ये बसवून स्पेनची सफर घडविली. त्या एका सफरीतून पुढे गावाच्याच नावाने चालणारी प्रवासी कंपनी उभी राहिली आणि 1962 मध्ये ह्याच पाद्र्याने स्टर्लिंग एअरवेज ही विमान कंपनीही काढली. रविवारी चर्चमध्ये प्रवचन करणारा मनुष्य इतर दिवशी आपल्या भोवतीच्या कष्टकरी माणसांना भूमध्य समुद्राच्या उन्हात नेण्याची खटपट करतो, ह्या दृश्याकडे उपहासाने पाहणे सोपे आहे. परंतु आपल्याच शास्त्रांचा दाखला घेतला तर उपहासाचे कारण उरत नाही.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रापर्व म्हणून एक विस्तृत प्रकरण आहे. द्यूतात सर्वस्व हरवून वनात आलेल्या युधिष्ठिराला नारद तेथे तीर्थांचे माहात्म्य ऐकवितो आणि त्यासाठी पुलस्त्याने भीष्माला पूर्वी सांगितलेल्या उपदेशाचा आधार घेतो. त्या उपदेशाच्या आरंभीच एक अत्यंत व्यवहारी विचार मांडलेला आहे. यज्ञ हे नाना प्रकारच्या सामग्रीवाचून, पुष्कळ द्रव्यावाचून आणि साहाय्यकांवाचून होत नाहीत. ते राजांनी किंवा फार तर क्वचित धनाढ्यांनी करावेत. ज्याच्यापाशी द्रव्य नाही आणि ज्याला कोणाचे पाठबळ नाही त्याला तेच फळ, किंबहुना त्याहून अधिक फळ, तीर्थयात्रेने मिळते, असे तेथे प्रतिपादन केले आहे. तात्पर्य, यात्रा ही मुळातच गरिबाच्या सोयीसाठी सांगितलेली आहे. राज्य, खजिना आणि चाकरमाणसे ह्यांना मुकलेल्या युधिष्ठिराला ती सांगितली जावी, ह्यात मोठे औचित्य आहे. मोठमोठ्या सरदारांच्या आणि उमरावांच्या हौसेची जी गोष्ट, ती खेड्यातील सुताराला आणि गवळ्याला मिळवून देणारा तो डॅनिश पाद्री, निदान ह्या एका बाबतीत, पुलस्त्याच्याच पंथाचा होता असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्याच उपदेशात ह्या सवलतीच्या आधीच एक अट घातलेली आहे, आणि सारे मर्म त्या अटीत आहे. ज्याचे हात, पाय आणि मन स्वतःच्या ताब्यात आहेत, जो दान घेण्यापासून परावृत्त झालेला आहे, जो मिताहारी आहे, जो क्रोध करीत नाही आणि सर्व भूतांना आपल्यासारखे लेखतो, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. स्कंदपुराणातील काशीखंडाने तर ह्याही पुढे जाऊन सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दया ह्यांनाच मानस तीर्थे म्हटले आणि अंतःकरण शुद्ध नसेल तर केवळ जलस्नानाने काही साधत नाही, असा निर्वाळा दिला. काशीचे माहात्म्य वर्णन करण्यासाठी रचलेल्या ग्रंथाने असे म्हणावे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. भारतरत्न पां. वा. काणे ह्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड 1953 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रायश्चित्त, शुद्धी आणि श्राद्ध ह्यांच्या शेजारी तीर्थयात्रेचे प्रकरण आहे. ही मांडणी मला अर्थपूर्ण वाटते. आपल्या परंपरेने यात्रेला विश्रांतीच्या सदरात घातले नाही. मनुष्य स्वतःवर काही बंधन घालून घेतो अशा कर्मांच्या सदरात घातले.

म्हणजे शास्त्राचे मत असे दिसते की फळ एकट्या स्थळाच्या अंगी नाही आणि एकट्या प्रवाशाच्या इच्छेतही नाही. प्रवासी त्या स्थळी किंवा त्या स्थळासाठी जो नेम पत्करतो त्यात ते आहे. हे मत कितपत खरे, ते पाहण्यासाठी पुराणांतून इतिहासात येऊ.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रशियातील व्होल्गा नदीच्या काठच्या त्वेर ह्या शहराचा अफानासी निकितिन नावाचा एक व्यापारी, वाटेत लुटला जाऊन, इराणातून होर्मुझमार्गे चौलच्या बंदरात उतरला. विकून नफा करावा म्हणून त्याने एक घोडा बरोबर आणला होता. तेथून तो जुन्नरला आला आणि पावसाळ्यातील दोन महिने त्याने त्या शहरी काढले. ज्या जुन्नरास पुढे थोड्याच वर्षांत मलिक अहमदने निजामशाहीची मुहूर्तमेढ रोवली आणि ज्या निजामशाहीने अहमदनगर वसविले, तेच हे शहर. जुन्नरच्या सुभेदार खानाने निकितिनचा घोडा जप्त केला आणि इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत देईन, वर हजार मोहरा देईन, असे फर्माविले. विचार करण्यास चार दिवसांची मुदत दिली. अखेरीस खोरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला.

निकितिनने लिहिलेल्या वृत्तांतात ह्या प्रसंगापेक्षाही चटका लावणारी एक गोष्ट आहे. लुटारूंनी त्याची पुस्तके नेली होती. त्यामुळे ईस्टरचा सण केव्हा येतो ह्याचे गणित त्याला करता येईना, आणि ईस्टरच्या आधीचा मोठा उपास केव्हा धरावयाचा हे कळेना. तो अदमासाने उपास धरी, मुसलमानांचे रोजे चालू असत तेव्हा त्यांच्याबरोबर उपाशी राही आणि आपला नेम चुकत असल्याची खंत पुनःपुन्हा लिहून ठेवी. घोड्याच्या नफ्यासाठी निघालेला हा मनुष्य परक्या मुलखात आपल्या नेमासाठी झुरतो, आणि चर्चचा घंटानादही ऐकू येत नाही अशा ठिकाणी तो नेम जसा जमेल तसा पाळतो. तो तीर्थयात्रेला आला नव्हता. मिरी, कापड आणि घोडे ह्यांचे भाव पाहण्यास आला होता. तथापि पुलस्त्याच्या अटीने मोजले तर दंडवते घालीत काशीस जाऊन वाटेत हमालाशी हुज्जत घालणाऱ्या कित्येकांपेक्षा ह्या रशियन व्यापाऱ्याच्या पदरी यात्रेचे पुण्य अधिक पडले असेल. परतीच्या वाटेवर, त्वेरला पोहोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याचा अंत झाला.

नगरच्या मातीत थंड देशांची माणसे ह्यानंतरही अनेक निमित्तांनी आली. काही स्वेच्छेने आली नाहीत. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून नगरच्या छावणीत आणून ठेवले, त्यांना येथल्या उन्हाचे काय कौतुक असणार! काही देण्यासाठी आली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर ह्या कडाक्याच्या थंडीच्या प्रांतात जन्मलेल्या सिंथिया फॅरारबाई 1827 साली मुंबईस उतरल्या, 1839 पासून अमेरिकन मराठी मिशनच्या नगर येथील मुलींच्या शाळांचे काम पाहू लागल्या आणि 1862 साली नगरासच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि पुढे पुण्यात मुलींची शाळा काढली. फॅरारबाईंचा हेतू ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा होता, आणि त्याविषयी मतभेद राहतील. परंतु परक्या गावी येऊन तेथल्या मुलींना अक्षरओळख करून देण्याचा नेम त्यांनी अखेरपर्यंत चालविला, ह्याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

आणि काही माणसे केवळ एका समाधीच्या दर्शनासाठी येतात. नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगावाशेजारी मेहेराबाद आहे. पुण्यात 1894 साली एका इराणी कुटुंबात जन्मलेल्या मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 पासून मौन धरले आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. त्यांची समाधी तेथल्या टेकडीवर आहे. 1931 साली ते प्रथम इंग्लंडला निघाले तेव्हा ‘राजपुताना’ ह्याच जहाजावर गोलमेज परिषदेसाठी निघालेले महात्मा गांधी होते आणि दोघांची तेथे भेट झाली. त्या सफरीनंतर इंग्लंड-अमेरिकेकडील अनुयायांचा ओघ नगरकडे सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही. दरवर्षी 31 जानेवारीस, अमरतिथीच्या दिवशी, टेकडीवर हजारोंचा समुदाय जमतो. भारतीय असतात, पाश्चात्त्य असतात, दर्शनाच्या रांगेत थांबलेले असतात. दुपारी बाराला सर्वत्र मौन पसरते. ज्यांच्या भाषा एकमेकांस कळत नाहीत अशी माणसे खांद्याला खांदा लावून पाव तास काही न बोलता उभी वा बसलेली राहतात. बाबांना अवतार मानावे की न मानावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. परंतु लंडनच्या धुक्यातून सुटून नगरच्या कोवळ्या उन्हात आलेला मनुष्य तेवढा वेळ तरी उन्हाच्या सुखासाठी तेथे बसलेला नसतो. 10 जुलैला जगात जेथे असतील तेथे दिवसभर मौन पाळण्याची चालही ह्या मंडळींत आहे. टेकडीवरचा नेम ते अशा रीतीने आपल्या थंड देशात परत नेतात.

आता हिवरे बाजारकडे वळू. नगर शहराच्या पश्चिमेस, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात हे गाव वसले आहे. वर्षाचा पाऊस सरासरीने चारशे मिलीमीटरच्या आतबाहेर. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या गावाची जी दशा झाली ती दक्खनच्या शेकडो जिरायती गावांची दशा होती. डोंगरावरची झाडे सरपणासाठी तुटली. गायरानात गुरे मोकाट सुटली. पडलेला पाऊस माती घेऊन उतारावरून वाहून जाऊ लागला. 1972 च्या दुष्काळाने उरलासुरला धीर खचविला. दारूच्या हातभट्ट्या वाढल्या, तंटे वाढले, आणि धडधाकट माणसे पोट भरण्यासाठी पुणे-मुंबईकडे किंवा इतरत्र मजुरीला निघून जाऊ लागली. हाही प्रवासच होता. उत्तरेचा मनुष्य उन्हासाठी घर सोडतो, तसा हिवऱ्याचा मनुष्य पाण्यासाठी घर सोडीत होता. फरक इतकाच की पहिल्याच्या खिशात परतीचे तिकीट असे आणि दुसऱ्याने घराला कुलूप घातलेले असे.

1989 साली गावाने पोपटराव पवार ह्या वाणिज्य शाखेत एम.कॉम. झालेल्या तरुणाला बिनविरोध सरपंच केले. पुढे आदर्श गाव योजनेत हिवरे बाजारची निवड झाली आणि रोजगार हमी व वनीकरणाचा सरकारी पैसा गावाच्या आराखड्याप्रमाणे खर्च होऊ लागला. डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, नाल्यांवर बांध पडले, पाझर तलाव झाले, झाडे लागली. हे सारे महत्त्वाचे आहे. परंतु असे चर आणि असे बांध महाराष्ट्रात अन्यत्रही पुष्कळ झाले आणि पुष्कळ ठिकाणी गाळाने भरून गेले. हिवरे बाजारचे वैशिष्ट्य खणण्यात जितके आहे त्याहून अधिक, खणल्यानंतर गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या मनायांत आहे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पत्करली. डोंगरावर गुरे सोडावयाची नाहीत. गवत हवे असेल तर विळ्याने कापून भारा डोक्यावरून खाली आणावयाचा आणि गुरांना गोठ्यात घालावयाचा. शेतीसाठी खोल बोअर घ्यावयाचे नाहीत. ऊस आणि केळी ही पाणी पिणारी पिके लावावयाची नाहीत. गावची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही. ज्याच्या स्वतःच्या विहिरीला पाणी आहे आणि ज्याच्या गाठी पैसा आहे त्यालाही ऊस लावण्याची मुभा नाही, हा ह्यातला कठीण भाग. कारण दरिद्री मनुष्याने संयम पाळला तर त्यात त्याचा नाइलाज असू शकतो, समर्थाने पाळलेला संयम मात्र खरा असतो.

ह्या नेमाचे रूप जवळून पाहावयाचे असेल तर गावाचा पाण्याचा ताळेबंद पाहावा. गावात पर्जन्यमापक बसविले आहेत. पाऊस पडला की त्याची नोंद होते, विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली जाते आणि पावसाळा सरला की ग्रामसभेपुढे त्या वर्षाच्या पाण्याची जमा आणि खर्च मांडला जातो. माणसांना प्यावयास किती, गुरांना किती, जमिनीत मुरू देण्यासाठी किती, आणि एवढे वजा जाता शेतीसाठी शिल्लक काय राहते, हे सर्वांसमक्ष ठरते. शिलकेप्रमाणे रब्बीत कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यावयाचे आणि उन्हाळी पीक घ्यावयाचे किंवा नाही, हे सांगितले जाते. जमा कमी असली की जास्त पाण्याची पिके त्या वर्षी बंद. पूर्वीचा कुलकर्णी जमाबंदीच्या दप्तरात सरकारचा वसूल लिहीत असे. हे दप्तर आकाशातून आलेल्या देण्याचे आहे, आणि ते लिहिताना आपल्या वाट्याला काय येणार हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. आधी तहानलेल्याचा हिस्सा आणि मग पिकविणाऱ्याचा, हा क्रम कोणत्याही धर्मग्रंथात शोभण्यासारखा आहे.

ह्याचे लौकिक फळ सर्वश्रुत आहे. 1995 साली गावात 168 कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. 2010 च्या सुमारास ती तीनवर आली. बाहेर गेलेली कित्येक कुटुंबे परत आली. 2020 साली पोपटराव पवारांना पद्मश्री जाहीर झाली. आणखी एक गोष्ट मला ह्या सर्व आकड्यांइतकीच बोलकी वाटते: गावात मुसलमानाचे एकच घर, आणि त्या एका घराला नमाजासाठी जागा हवी म्हणून गावाने मशीद बांधून दिली. सर्व भूतांना आपल्यासारखे लेखावे ही पुलस्त्याची अट पुस्तकात वाचलेली असते. ती विटा आणि चुन्यात उभी असलेली क्वचित पाहावयास मिळते.

म्हणून मी म्हणतो की हिवरे बाजार हे आधुनिक काळातील एक तीर्थ आहे, आणि ते कसे झाले हे आपल्या डोळ्यांदेखत घडल्यामुळे तीर्थे कशी होतात ह्याचाही उलगडा तेथे होतो. एखाद्या स्थळी पुष्कळ माणसे पुष्कळ काळ एक बंधन एकजुटीने पाळतात, तेव्हा त्या स्थळाला दुसऱ्याला सुधारण्याचे सामर्थ्य येते. पंढरीचे सामर्थ्य शतकानुशतके पायी चालत आलेल्या वारकऱ्यांच्या नेमाचे आहे. मेहेराबादचे सामर्थ्य एका माणसाच्या सुमारे चव्वेचाळीस वर्षांच्या मौनाचे आहे. हिवऱ्याचे सामर्थ्य न लावलेल्या उसाचे आणि न तोडलेल्या झाडाचे आहे.

ह्यावर आक्षेप येतील, आणि त्यांपैकी काही वजनदार आहेत. पहिला असा की नेम हा स्वेच्छेचा असला तरच धर्म. ग्रामसभेच्या ठरावाने घातलेली बंदी ही सत्ता झाली. गावातल्या एखाद्याला ती मनापासून पटलेली नसेल, चारचौघांच्या धाकाने तो पाळीत असेल, तर त्याला कसले पुण्य? ह्यात तथ्य आहे. परंतु एकादशीचा उपास करणारा पोरवयात आईच्या धाकानेच उपाशी राहतो आणि पुढे कधीतरी तो उपास त्याचा स्वतःचा होतो. सामुदायिक नेमाची हीच रीत आहे. शिवाय ज्या विहिरीचे पाणी भूगर्भात शेजाऱ्याच्या विहिरीशी जोडलेले आहे, तिच्या बाबतीत एकट्याचा संयम व्यर्थ ठरतो. मी उपसा थांबविला आणि शेजाऱ्याने बोअर मारले तर माझ्या पुण्याचे पाणी त्याच्या उसाला जाईल. पाण्याचा धर्म एकट्याने पाळताच येत नाही, म्हणून त्याला ठराव लागतो.

दुसरा आक्षेप थंड देशाच्या प्रवाशाच्या बाजूने आहे. तो म्हणेल, मला तीर्थ नको, मोक्ष नको. वर्षभर अंधारात राबून मी चार दिवस उन्हात बसावयास आलो, त्याला तुम्ही धर्माच्या तराजूत का घालता? हे म्हणणे प्रामाणिक आहे, आणि शरीराची गरज ही लाजेची गोष्ट नव्हे. ऊन घेतल्याने कोणाचे ऊन कमी होत नाही. परंतु तो उन्हाबरोबर आणखीही काही घेतो. गोव्यात 1980 नंतरच्या दशकात युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ ह्या संघटनेने त्याविरुद्ध आंदोलन केले. मोठ्या हॉटेलांना पाणी आणि शेजारच्या गावांत घागरी रिकाम्या, ही त्यातली एक तक्रार होती. पाहुण्याला ऊन फुकट मिळते, पण त्याच्या स्नानाचे पाणी कोणाच्या तरी हिश्श्यातून येते. हिवऱ्याच्या ताळेबंदात जसा प्रथम तहानलेल्याचा आकडा मांडतात, तसा प्रवाशाने आपल्या सुखाच्या हिशेबात यजमान गावाचा आकडा प्रथम मांडावा, एवढाच नेम त्याच्यापाशी मागावयाचा आहे. तो त्याने पाळला तर त्याच्या उन्हात पडण्यालाही मी यात्रा म्हणेन.

आणि हा नेम केवळ गोऱ्या प्रवाशापाशी मागावयाचा असे नव्हे. आता उलट दिशेनेही रहदारी चालू आहे. ज्यांना ऊन नकोसे झाले ते आमचे लोक बर्फ पाहण्यासाठी स्वित्झर्लंडला जातात, आणि जे तेवढे करू शकत नाहीत ते हिवरे बाजार, राळेगणसिद्धी अशा गावांच्या सहली काढतात. सहलीची बस येते, माहिती ऐकली जाते, फोटो काढले जातात, वहीत अभिप्राय लिहिला जातो. आणि परत गेल्यावर पाहुण्यांच्या गावी टँकर जसा येत होता तसा येत राहतो, उसाची लागवड जशी वाढत होती तशी वाढत राहते. देवळात जाऊन दर्शन घ्यावे आणि बाहेर येऊन खोटे माप घालावे, तशातलाच हा प्रकार झाला. दर्शन सोपे असते. नेम अवघड असतो. आणि आपण फळ मात्र दर्शनाच्या मोबदल्यात मागतो.

आपल्या संतपरंपरेने ह्या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी देऊन ठेवला आहे. माढे तालुक्यातील अरण गावचे सावता माळी तेराव्या शतकात होऊन गेले. परंपरा सांगते की ते पंढरपूरला गेलेच नाहीत. मळ्यातली मोट, कांदा आणि भाजी ह्यांतच त्यांनी विठ्ठल पाहिला. पंढरपूर तेथून काही लांब नाही. ज्याला सहज जाता आले असते तो गेला नाही. आणि वारकरी संप्रदायाने त्यांना वारी चुकविल्याबद्दल दोष दिला नाही. उलट सर्व संतांच्या पालख्या पंढरीस जातात, तेथे अरणला मात्र खुद्द पांडुरंगाची पालखी सावता महाराजांच्या भेटीस येते. मळ्याचा नेम पुरा करणाऱ्याकडे देवाने चालत यावे, असा मान देणारी ही प्रथा आजही चालू आहे.

तेव्हा यात्रेचे फळ स्थळात असते की माणसात, ह्या प्रश्नाला माझे उत्तर असे की स्थळ उपदेश करते आणि माणूस नेम पत्करतो. ह्या दोहोंपैकी एक नसेल तर पायपीट तेवढी पदरी पडते. आपल्याकडे यात्रेला निघण्यापूर्वी संकल्प सोडण्याची चाल आहे. वाचकांपैकी जे येत्या हिवाळ्यात प्रवासाला निघतील, मग तो परदेशाचा असो, पंढरीचा असो वा हिवरे बाजारचा, त्यांनी तो संकल्प सोडताना दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात: जेथे जाणार तेथल्या माणसांच्या हिश्श्यातले काय घ्यावयाचे नाही, आणि परत आल्यावर आपल्या गावी कोणती एक गोष्ट बंद करावयाची. एवढे ठरत नसेल, तर सावता माळ्यांप्रमाणे घरी राहून आपली बाग शिंपावी. त्यात कमीपणा नाही.